दही लागलं का?

सर्व सुजाण वाचकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, लखनौ शहरात एकेकाळी पाय चेपण्यावर बंदी घालण्यात आली होती.

हसू नका. ही बंदी सरकारने घातली नव्हती, कोर्टानेही नाही. ती घातली होती अमरावतीच्या एका बुटक्या, जाड भिंगांच्या चष्म्याच्या बाईंनी. लखनौच्या एका जनाना इस्पितळातल्या त्या डॉक्टर. आपल्या वॉर्डाच्या भिंतीवर त्यांनी खडूने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं : ‘यहाँ पाँव दबाना सख़्त मना है।’ ज्या शहरात सून कशी आहे हे ती सासूचे पाय कसे चेपते त्यावरून ठरतं, त्या शहरात हे लिहिणं म्हणजे उद्यापासून नमस्कार करायचा नाही असं लिहिण्यासारखंच. कुणीतरी खाली विचारलं, खडूनेच : ‘तो फिर करें क्या?’ बाईंनी त्याच्या खाली उत्तर दिलं : ‘चलिए।’

सकाळी त्या वॉर्डात शिरल्या की आधी बाईमाणसाचं तोंड पाहायच्या नाहीत. पायाशी जायच्या, चादर उलटवायच्या, आणि बाजारात पपई हातात धरून पाहतात तशी पोटरी हळूच हातात घ्यायच्या. गरम आहे का, घट्ट आहे का, दुखते का. मग पुटपुटायच्या, “दही लागलं का?” मराठीतच. समोरची उन्नावची असो की बाराबंकीची, पहिला प्रश्न मराठीत. मग भाषांतर : “दही तो नहीं जमा?” नव्या पेशंटला वाटायचं, डॉक्टरीण न्याहारीची चौकशी करते आहे. एकीने तर बिचारीने सांगितलं, “नहीं जी, घर से पराठे आए थे।”

आता माझा यात संबंध काय? सांगते. आमचे हे रेल्वेत इंजिनियर. बदली झाली तेव्हा आधी आलमबागेत रेल्वेच्या क्वार्टरात राहिलो, मग महानगर नावाच्या वस्तीत एका घराचा खालचा मजला भाड्याने घेतला. वरच्या मजल्यावर या डॉक्टरबाई, एकट्या. लखनौत तेव्हा मराठी माणसं हाताच्या बोटांवर नसली तरी एका हॉलात मावतील इतकीच होती. त्या हॉलात दर गणपतीत नाटक व्हायचं आणि त्यात मी असायचेच. खाष्ट सासू, परित्यक्ता, भूत, जे पडेल ते. एका वर्षी पुरुष कमी पडले म्हणून मिशा लावून फौजदार झाले. पडदा पडल्यावर मिशा निघेनात, मी रॉकेल शोधतेय, आणि डॉक्टरबाई आत आल्या.

“तुझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत येतो,” त्या म्हणाल्या. “माझा वॉर्ड साधारण एवढाच लांब आहे. उद्या दुपारी ये.”

“पण मला डॉक्टरीतलं काही कळत नाही.”

“कळू नकोच देऊ. मला नाटकवालीच हवी आहे. डॉक्टरणींचं कुणी ऐकत नाही.”

त्या दिवसापासून मी त्यांची ‘नटवी’ झाले. अगं नटवे, इकडे ये. नटवे, चहा टाक. नटवे, मराठीत ‘आ’ वासून पाहू नको, हिंदीत बोल.

बाई हे सगळं का करत होत्या ते मला गच्चीवर कळलं, पट्ट्या वाळत घालताना. पट्ट्या म्हणजे पायाला गुंडाळायच्या त्या लवचीक, गव्हाळ रंगाच्या पट्ट्या. ऑपरेशनच्या आधी पावलापासून वरपर्यंत घट्ट बांधायच्या, म्हणजे रक्त पोटरीत साचून राहत नाही. इस्पितळात त्या पुरेशा नसत, म्हणून वापरलेल्या धुऊन परत वापरायच्या. धोबी त्या उकळून त्यांची वाट लावतो, म्हणून बाई स्वतः साबणाच्या कोमट पाण्यात धुवायच्या आणि आमच्या गच्चीवर वाळत घालायच्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणी तरी शेवया वाळत घातल्यात, पण राक्षसांसाठी.

“चिकनचं भरतकाम करणारी एक होती,” त्या पट्टी झटकत म्हणाल्या. “गर्भाची पिशवी काढली. मीच काढली, छान झालं ऑपरेशन. घरच्यांनी आठवडाभर तिचं बोट हलू दिलं नाही. नणंद भरवायची, जाऊ पाय चेपायची. मला अभिमानाने सांगायचे, देखिए, करवट तक नहीं ली. घरी जायच्या दिवशी तिला नव्या बांगड्या भरल्या. दारात टांगा उभा. ती उठली, पाय खाली ठेवले, दाराकडे चार पावलं गेली आणि छातीवर हात ठेवून खाली बसली. बसली ती गेली.”

“हार्ट?”

“तेच लिहिलं सगळ्यांनी. हार्ट नव्हे गं. पडून पडून पोटरीत रक्ताची गुठळी झालेली. उठल्यावर ती सुटली, वर गेली आणि फुप्फुसात जाऊन अडकली.” त्यांनी पट्टीचं टोक दोरीवर टाकलं. “आणि नटवे, यातून सगळ्या वॉर्डाने काय धडा घेतला माहीत आहे? उठी, इसलिए मरी। आठवडाभर झोपवलं म्हणून मेली, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. उठली आणि मेली हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं ना. आता पुढची तर कुशीलासुद्धा वळणार नाही.”

तुम्ही-आम्ही असतो तर आपणही तेच म्हटलं असतं. डोळ्यांनी पाहिलेल्याशी वाद कसा घालणार?

बाईंनी घातला. आधी मोठ्या साहेबांशी. मोठे साहेब म्हणजे इस्पितळाचे प्रमुख. गोरेपान, अत्तर लावणारे, बोलायला लागले की खोलीत गुलाबपाणी शिंपडल्यासारखं वाटायचं. बाई त्यांच्याकडे मागायला गेल्या की ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येकीला चालवायचा नियम करा, सगळ्या वॉर्डांत करा, आणि ज्यांना धोका जास्त त्यांना रक्त पातळ ठेवणारी सुई द्या. साहेबांनी चहा मागवला.

“डॉक्टर साहिबा, यह ठंडे मुल्कों की बीमारी है। वहाँ खून जम जाता है। हमारे यहाँ माशाअल्लाह इतनी गर्मी है।”

“सर, शरीरातलं तापमान लंडनलाही तेच असतं,” हे बाई हिंदीत म्हणाल्या.

“लीजिए, बिस्किट लीजिए,” साहेब म्हणाले.

नियम झाला नाही. फक्त एवढं मिळालं, की आपल्या वॉर्डात आपल्या जबाबदारीवर हवं ते करा. सुईची बाटली मात्र साहेबांच्या सहीशिवाय कपाटातून निघायची नाही. “खून बह गया तो जवाब कौन देगा?” हा त्यांचा प्रश्न, आणि प्रश्न खोटा नव्हता, हे बाईही मान्य करायच्या. बाईंचं एकच मागणं होतं, आपण निवृत्त व्हायच्या आत हा नियम साऱ्या इस्पितळाचा व्हावा. बाकी त्यांना काही नको होतं. नवरा नाही, बंगला नाही, अमरावतीला परत जायचीही घाई नाही.

तर माझा प्रयोग. वॉर्डाच्या मधोमध एक स्टूल, त्यावर दोन मातीचे कुल्हड. एकात घट्ट लागलेलं दही, दुसऱ्यात नुसतं पातळ दूध. मी पदर खोचून, फौजदाराच्या आवाजात : “बहनो, दही कैसे जमता है? हिलाने से जमता है या रखने से?”

“रखने से,” सगळा वॉर्ड. हे तर मुलीला सातव्या वर्षी कळतं.

“और पाँव में खून?”

तेवढ्यात खिडकीजवळच्या खाटेवरून आवाज आला, “जामन किसने डाला?”

ती रामदुलारी. आलमबागेच्या दूधवाल्याची बायको. स्वतः म्हशी धुणारी, घागरी उचलणारी, खांदे पैलवानासारखे. आदल्याच दिवशी तिची पिशवी काढली होती. “बहनजी, रखने से दूध फटता है, जमता नहीं। जमने को जामन चाहिए। हमको दही सिखा रही हो?”

विरजण! मी गार. संवादच विसरले. नाटकात असं झालं की विंगेतून कुणीतरी कुजबुजतं. इथे दारातून बाईच बोलल्या.

“जामन ऑपरेशन ने डाला, रामदुलारी। चाकू लगता है तो खून खुद जमने को तैयार हो जाता है, वरना घाव भरेगा कैसे? अब जामन तो पड़ गया। हिलाती रहोगी तो नहीं जमेगा।”

रामदुलारीने विचार केला. दह्याच्या बाबतीत ती कुणाचं फुकट ऐकणारी नव्हती. मग तिने एक पाय खाटेखाली सोडला, आणि सगळा वॉर्ड श्वास रोखून बघायला लागला, आता ही मरते की काय. ती मेली नाही. माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून वॉर्डाच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली, आणि जाता-येता एका हाताने टाके धरून बाईंना शिव्या देत होती. कसाइन. चुड़ैल. तेरे हाथ में कीड़े पड़ें।

बाई खूश. “शिव्या देऊ दे. शिव्या देताना माणूस खोल श्वास घेतो. फुप्फुसं साफ राहतात.”

त्यानंतरची वर्षं म्हणजे, काय सांगू, माझ्या आयुष्यातला सर्वांत लांब चाललेला प्रयोग. दुपारी वॉर्डात वरात निघायची. पुढे मी, मागे पोट धरून वाकलेल्या बायका, त्यांच्यामागे सलाइनची बाटली झेंड्यासारखी धरलेल्या सासवा. एक जुन्या घराण्यातल्या बेगमसाहिबा आल्या होत्या. बाईंनी उठा म्हटल्यावर त्या अतिशय अदबीने म्हणाल्या, “डॉक्टर साहिबा, हमने तो कभी पानी का गिलास अपने हाथ से नहीं उठाया, और आप फ़रमाती हैं कि पूरे बदन को उठाएँ।” बाईंनी हात पुढे केला, “तो टहलने चलिए। टहलना तो मेहनत में नहीं आता।” बेगम पानदान घेऊन टहलल्या. दर फेरीला एक विडा.

आणि माकडं. त्यांना विसरून कसं चालेल. महानगरातल्या माकडांना पट्ट्यांचा शोध लागला. एके सकाळी पाहतो तो समोरच्या पाण्याच्या टाकीवर एक दांडगं माकड पायाला पट्टी गुंडाळून बसलेलं, आणि दुसरं तिचं दुसरं टोक ओढतंय. मी आरडाओरडा करत काठी शोधत होते. बाई चष्मा पुसून शांतपणे बघत राहिल्या. “घोट्यापासून बांधलीय,” म्हणाल्या. “माझ्या नर्सेसपेक्षा बरी.”

रामदुलारी बरी होऊन गेली ती परत आलीच, दूध घेऊन. नवऱ्याला सांगून तिने महानगरचा रतीब स्वतःकडे घेतला. रोज वर जायची, दुधाचा कॅन ठेवायची आणि खाली बसून बाईंच्या पायांना हात घालायची.

“पाय सोड.”

“बस दो मिनट, डाक्टरनी जी। दिन भर खड़ी रहती हो।”

“पाय सोड म्हणते ना. भिंतीवर काय लिहिलंय?”

“हम पढ़े-लिखे थोड़े हैं।”

“मग ऐक. सेवाच करायची असेल तर दुधात पाणी कमी घाल.”

रामदुलारी हिरमुसून उठायची. हे रोज. वर्षानुवर्षं रोज. तिच्या लेखी बाईंनी तिला जीव दिला होता, आणि त्याबद्दल द्यायला तिच्याकडे दोन हातच होते, ते बाई घेत नव्हत्या. मी एकदा म्हटलं, “करू द्या की हो एकदा, तिचंही समाधान.” बाई म्हणाल्या, “आज माझे करेल, उद्या वॉर्डात कुणाचे तरी करेल. गुठळी असलेली पोटरी चेपली तर ती सुटतेच. मग?”

आता मजा बघा. मजाच म्हणायची. वर्षं गेली आणि बाईंच्या वॉर्डात काहीही घडलं नाही. कुणी दारात छातीवर हात ठेवून बसलं नाही. बायका यायच्या, चालायच्या, शिव्या द्यायच्या, घरी जायच्या. आभार मानायच्या ते गोळा केवढा निघाला त्याचे. ‘नारळाएवढा निघाला’ हे कौतुक. चालवलं याचे आभार? उलट तक्रारी. बाहेर त्यांचं नावच पडलं होतं, ‘टहलानेवाली’. शिकाऊ डॉक्टर मुली पाठीमागे त्यांच्या चालण्याची नक्कल करायच्या. मला कळायचं, कारण नक्कल वाईट असायची.

“माझी पंचाईत समजते का तुला?” एकदा त्या म्हणाल्या. “ताप उतरवला तर दाखवता येतो. जे झालंच नाही ते कुणाला दाखवू?”

त्यांचा निरोपसमारंभ झाला तेव्हा मी पहिल्या रांगेत होते. झेंडूचा हार, शाल, समोसे. मोठे साहेब बोलायला उठले. त्यांचं भाषण मला आजही पाठ आहे, कारण असं परिपूर्ण भाषण मी रंगमंचावरही ऐकलं नाही. त्यांनी बाईंच्या कष्टांचं वर्णन केलं, डोळे पुसले, मग हसून म्हणाले, “हमारी डॉक्टर साहिबा एक बीमारी से बरसों लड़ती रहीं। और खुशी की बात यह है कि इनके वार्ड में इतने बरसों में उसका एक भी केस नहीं हुआ। इससे साबित होता है कि वह बीमारी हमारे यहाँ होती ही नहीं।”

टाळ्या. लोक हसले, प्रेमाने. बाईही हसल्या. टेबलाखाली त्यांचे पाय मला दिसत होते. चपलेतले अंगठे वर-खाली, वर-खाली चालले होते. ती त्यांची सवयच होती, बसल्या की अंगठे हलवायच्या.

परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, “भाषण छान झालं.”

मी त्यांची शाल घडी करून मांडीवर घेतली.

“पट्ट्या तुझ्या ट्रंकेत ठेव. तिथे आता कुणी धुणार नाही.”

पुढच्या चुनाकामात भिंत पांढरी झाली. वॉर्डात निवांत झालं. बायका पडून राहायला लागल्या, सुना पायाशी बसायला लागल्या, आणि सगळे म्हणायला लागले, किती शांत वाटतं आता. बायका गेल्या असतीलच अधूनमधून. कुणी मोजलं नाही. हार्ट म्हणून लिहिलं असेल.

नंतर बाईंचीच पाळी आली. दुसऱ्यांच्या पिशव्या काढताना स्वतःच्या पिशवीकडे बघायचं राहून गेलं होतं. रक्त जायचं, त्या लपवायच्या. शेवटी मीच पकडलं. ऑपरेशन त्याच इस्पितळात, त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या डॉक्टरणीने केलं. जड गेलं. रक्त बरंच गेलं. आणि मग जे झालं ते प्रेमाने झालं, हे लक्षात ठेवा. त्यात वाईट माणूस एकही नाही.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी पदर खोचून खाटेशी गेले. त्या शिष्येने माझा हात धरला आणि नंतर हात जोडले. “आंटी, मैडम ने ज़िंदगी भर सबको उठाया। अब मैडम को कोई नहीं उठाएगा।” तिच्या डोळ्यांत पाणी. तिने चादर गादीखाली दोन्ही बाजूंनी खोचून टाकली, लहान मुलाला झोपवतात तशी. बाई क्षीण आवाजात म्हणाल्या, “अगं वेडे, उठव मला.” शिष्या मराठी समजत नव्हती. मी भाषांतर केलं. ती म्हणाली, “देखा, अब भी ड्यूटी की पड़ी है।”

मी घरून ट्रंकेतल्या पट्ट्या आणल्या. बांधायला घेतल्या तर पट्ट्यांचाच जीव गेला होता. ताणल्या की ताणलेल्याच राहायच्या, परत यायच्या नाहीत. मी त्या तशाच गुंडाळल्या, आणि बाईंनी तसंच गुंडाळू दिलं. चादरीखाली अंगठे हलत होते, थकून थांबत होते, पुन्हा हलत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा त्या जाग्या होत्या.

“नटवे, चादर काढ. डावी पोटरी बघ.”

मी बघितली. इतकी वर्षं बघून बघून मलाही कळत होतं. गरम होती, घट्ट होती, दुसरीपेक्षा जाड.

“दही लागलं का?” त्यांनी विचारलं. मी मान खाली घातली. “लागलं,” त्याच म्हणाल्या.

“मी उठवते तुम्हाला. कोण अडवतं बघते.”

“आता नाही गं. वेळ गेली त्याची. लागलेलं दही हलवलं तर काय होतं?”

“फुटतं.”

“मग. आता हलायचं नाही, कुणी हात लावायचा नाही. आता फक्त सुई. तू साहेबांकडे जा. तुला नाटकं येतात. रड, पड, काय वाटेल ते कर, पण बाटली आण.”

मी शिष्येला सांगितलं, नर्सला सांगितलं, पायाला कुणी हात लावायचा नाही. दोघी हो म्हणाल्या. बाईंना दुखत होतं, म्हणून नर्स दुखण्यावरचं, गुंगी आणणारं इंजेक्शन भरत होती. मी गेले.

साहेबांनी उभं राहून स्वागत केलं. चहा मागवला. मी सांगितलं. ते कळवळले, खरोखर कळवळले. “मगर बेटी, कल परसों का घाव है। खून बह गया तो? और फिर इनके अपने वार्ड में तो कभी एक केस नहीं हुआ।”

त्या खोलीत मी जे केलं ते मिशा लावून कधी केलं नव्हतं. रडले. खुर्ची सोडून जमिनीवर बसले. अमरावतीच्या त्यांच्या नसलेल्या म्हाताऱ्या आईला जिवंत केलं. चहा गार झाला. शेवटी साहेबांनी डोळे पुसले, पेन उघडलं आणि सही केली. “ठीक है। मरीज़ का दिल रखना भी इलाज है।”

कपाट उघडलं, बाटली हातात आली. एवढीशी बाटली. वॉर्डाकडचा तो लांब व्हरांडा मी पळत आले, ज्याच्यावरून मी इतक्या जणींना एक एक पाऊल चालवलं होतं. पळताना मला हसू येत होतं. मनात ठरवत होते, बाईंना सांगायचं, तुमची आई आजारी आहे, अमरावतीला तार करा.

खाटेभोवती सगळे उभे होते. शिष्येची बोटं बाईंच्या मनगटावर होती आणि ती ती बोटं पुन्हा पुन्हा जागा बदलून ठेवत होती. बाईंचं तोंड थोडं उघडं होतं. चष्मा उशीशी. पायाकडची चादर वर केलेली, आणि माझ्या त्या मेलेल्या पट्ट्या नीट घडी करून बाजूला ठेवलेल्या.

पायाशी रामदुलारी बसली होती. शेजारी दुधाचा कॅन. नेहमीसारखी दूध द्यायला आली होती. तिला अडवायचं असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. तिचे तळवे मोहरीच्या तेलाने चकाकत होते. तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं, आणि तिला काय वाटलं कोण जाणे, सगळ्यांना ऐकू जाईल अशी ती बोलून गेली,

“आज पहली बार डाक्टरनी जी ने मना नहीं किया।”